हरळी, लव्हाळा आणि काँग्रेस गवत: अंगणातल्या तणांचा इतिहास



आजच्या विषयाची पाटी बाहेर लागल्यापासून दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून माळीकाम कधीपासून?" त्यांना मी एवढंच म्हटलं की बसा, तासाभरात कळेल. 'तण' हा शब्द घ्या. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात गवताचं कुळ आहे, सूर्यफुलाचं कुळ आहे, एरंडाचं आहे. तणाचं कुळ नाही. एखादं रोप तण आहे की नाही हे रोपाकडे कितीही बघितलं तरी कळत नाही. ते कुठे उगवलं, कधी उगवलं आणि त्या जमिनीचा मालक त्या वर्षी काय मनात धरून बसला आहे, हे बघावं लागतं. म्हणजे इतिहास बघावा लागतो.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या गिरीज, भुईगाव, निर्मळ या पट्ट्यात वाड्या आटल्या, बंगले वाढले आणि बंगल्यांपुढे लॉन आलं. लॉन आलं की वर्षभरात तक्रार येते. लोक मोबाइलवर फोटो दाखवतात आणि दोन प्रश्न विचारतात: हे काय उगवलंय, आणि याच्यावर कुठलं औषध मारू? या दोघांच्या मधला एक प्रश्न राहून जातो. हे इथे आलं कसं, आणि टिकलं कशाच्या जोरावर? माझं म्हणणं असं आहे की या मधल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की औषधाचा प्रश्न बहुतेक वेळा उरत नाही. आणि वसईत तो उरू नये यात आपला सगळ्यांचा स्वार्थ आहे. का, ते पुढे सांगतो.

सुरुवात लॉनपासूनच करू. साध्या देशी लॉनमध्ये जे गवत असतं ते कोणतं? हरळी. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. गणपतीला एकवीस वाहतो त्या दूर्वा याच. आता हीच हरळी घाटावरच्या शेतकऱ्याला विचारा. 'रानात हरळी लागली' हे तिकडे संकटाचं वाक्य आहे. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा शिरले की लाकडी नांगराने हटत नसत, कारण लाकडी नांगर वरचा थर उकरतो आणि मुळं खाली सुरक्षित राहतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर आले. किर्लोस्करांचा नांगर १९०३चा, आणि तो खपायला सुरुवातीला फार कष्ट पडले. त्या नांगरांच्या बाजूने जे बोललं गेलं त्यात खोल नांगरटीने हरळी-कुंदा उपटून येतो हा एक मोठा मुद्दा होता. म्हणजे जिच्यासाठी आपण आज चौरस फुटाच्या भावाने पैसे मोजतो, तिला काढायला आपल्या आजोबांनी नांगर विकत घेतला.

१९७७ साली लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या शेतीतल्या तणांचा एक जाडजूड ग्रंथ काढला, 'द वर्ल्ड्स वर्स्ट वीड्स'. त्यात पहिला नंबर लव्हाळ्याचा. दुसरा कोणाचा? हरळीचा. आपल्या लॉनमध्ये जगातलं दोन नंबरचं तण आपण खतपाणी घालून वाढवतो, आणि एक नंबरचं तण त्यात शिरलं म्हणून ओरडतो. (हशा) हसा, पण लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

आता अंगणाकडे या. आपल्या जुन्या घरांपुढे लॉन नव्हतं, अंगण होतं, आणि अंगणाचा अर्थच मुळी जिथे काही उगवत नाही अशी जागा. पावसाळा संपला की अंगण खरवडायचं, माती टाकायची, पाणी मारून चोपण्याने चोपायचं, शेणाने सारवायचं. त्यावर भात वाळायचं, मिरच्या वाळायच्या, लग्नाचा मांडव पडायचा. त्या अंगणात हरळीची एक काडी जरी डोकावली तरी ती तण. वाडी वेगळी. तिथे केळी, पानवेली, भाजीपाला, फुलझाडं, विहीर, बावखल. वाडीतलं तणसुद्धा टाकायचं नव्हतं. ते गुरांपुढे जायचं किंवा केळीच्या बुडाशी आच्छादन म्हणून पडायचं. अंगण, वाडी आणि लॉन या तीन जागा डोळ्यांपुढे ठेवल्या की एकच हरळी पहिल्या जागी कचरा, दुसऱ्या जागी चारा आणि तिसऱ्या जागी शोभा होते. रोप बदललं नाही, आपली इच्छा बदलली.

ही तिसरी इच्छा आपल्याकडे आली कुठून? इंग्लंडमधून, हे सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या जमीनदारांच्या वाड्यांपुढे गवताचा पट्टा असे. तो मेंढ्यांनी चरून किंवा मजुरांनी विळ्याने कापून आखूड ठेवायचा. जिथे पीक घेता आलं असतं तिथे काही न पिकवता हिरवं ठेवणं, हा ऐपतीचा देखावा. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या कारागिराने ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउडजवळ गवत कापायचं यंत्र केलं. कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव कातरायचं यंत्र असतं, त्यावरून त्याला ते सुचलं. त्या यंत्राने लॉन जमीनदाराकडून मध्यमवर्गाकडे आणलं. आपल्याकडे मुंबईत भायखळ्याची राणीची बाग १८६२ची, बॉम्बे जिमखाना १८७५चा. आणि हिरवळ कोणाची यावरून भांडणंही लगेच सुरू झाली. एस्प्लनेडच्या मैदानावर पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळत. साहेबांच्या पोलोच्या घोड्यांनी ते गवत पार उखडून टाकलं. १८८०च्या आसपास या खेळाडूंनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली त्यावर पुस्तकच लिहिलं. गवत हा किरकोळ विषय आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ते प्रकरण जरूर पाहावं. आज महाराष्ट्रात तर मंगल कार्यालयालाच 'लॉन्स' म्हणतात, मग तिथे गवत असो नसो.

बरं, आता तणांकडे. इतिहासाच्या अभ्यासकाची इथे मोठी पंचाईत होते. मिरची आली, काजू आला, अननस आला, पपई आली. त्यांच्याबद्दल लिहिणारे भेटतात, कारण ती माणसांनी हौसेने आणली. तण जहाजाच्या मालाच्या यादीत कोण लिहिणार? ते पोत्याच्या शिवणीत, घोड्याच्या चाऱ्यात, जहाजाचा तोल सांभाळायला भरलेल्या मातीत बसून येतं. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधली दोनशेपाच वर्षं इथे अमेरिका, आफ्रिका आणि हिंदुस्थान यांचा माल एकत्र होत होता. कुठलं रोप नेमकं कोणत्या वर्षी उतरलं याचा कागद नाही.

कागद नसला तरी नावं आहेत. आपल्या लोकांनी तणांना दिलेली नावं हेच इथे साधन. पिवळ्या फुलांचं, काटेरी पानांचं, तोडलं की पिवळा चीक येणारं रोप तुम्ही रस्त्याकडेला पाहिलं असेल. आर्जेमोन मेक्सिकाना, मूळ अमेरिकेतलं. मराठीत त्याला पिवळा धोत्रा म्हणतात आणि दुसरं नाव आहे फिरंगी धोत्रा. फिरंगी! त्यानंतरचा थर 'विलायती'चा, विलायती बाभूळ वगैरे, इंग्रजांच्या काळातला. आणि तिसरा थर 'काँग्रेस गवत'. राज्यकर्ते बदलत गेले तशी तणांची आडनावं बदलली. (जाता जाता, या फिरंगी धोत्र्याचं बी मोहरीसारखं दिसतं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याचं तेल मिसळलं गेलं आणि साठाच्या वर माणसं दगावली. घराजवळ दिसलं तर बी धरायच्या आत हातमोजे घालून काढून टाका.)

नावांवर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवता येत नाही. लाजाळूचं उदाहरण घ्या. लॉनमध्ये पसरते, काटे टोचतात, मुलं तिच्याशी खेळतात ती मिमोसा पुडिका. तीही मूळ अमेरिकेतली. पण 'लज्जालु' हे नाव आपल्या निघंटूंमध्ये आहे. मग निघंटूकारांनी अमेरिकेतलं रोप पाहिलं होतं का? आपल्याच मातीतली एक छोटी वनस्पती आहे, बायोफायटम, नारळाच्या इवल्या झाडासारखी दिसते. तिचीही पानं स्पर्शाने मिटतात आणि तिलाही कोकणात लाजरी म्हणतात. मला वाटतं जुनं नाव तिचं असावं आणि नवी पाहुणी येऊन त्या नावावर बसली. माणसांच्या घरांचं असं होतं, नावांचंही होतं.

काँग्रेस गवताची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, गाजरासारखी पानं म्हणून गाजर गवत, आणि पांढऱ्या बारीक फुलांमुळे काही ठिकाणी चटकचांदणी. सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट अशी: अमेरिकेने पीएल ४८० योजनेत आपल्याला हलका गहू दिला, त्यातून हे बी आलं, काँग्रेसच्या राज्यात आलं म्हणून काँग्रेस गवत. मी ही गोष्ट अनेक भाषणांत ऐकली आहे. आता तारखा बघा. भारताचा पीएल ४८० करार झाला ऑगस्ट १९५६मध्ये. आणि आर. एस. राव यांना पुण्यात उकिरड्यांवर हे रोप दिसलं १९५५ साली. त्यांची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ साली आली. आरोपीवर ठपका ठेवलाय, पण गुन्हा घडला तेव्हा आरोपी गावात आलेलाच नव्हता!

म्हणून गहू निर्दोष ठरतो का? तसंही नाही. १९५१ साली अमेरिकेने वेगळा कायदा करून आपल्याला १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं आणि त्यातून वीस लाख टनांच्या घरात धान्य यायचं होतं. त्यातून बी आलं असणं शक्य आहे. १९५६नंतरच्या गव्हाने आणखी आणलं असणंही शक्य आहे. सिद्ध काय आहे? एवढंच की पन्नाशीच्या दशकात ते पुण्यात दिसलं आणि नंतर देशभर गेलं. पण त्या गोष्टीने एक मानसिक सोय करून दिली. दोष दुसऱ्याच्या पोत्यात टाकला की आपण रस्ते खणले, माती उघडी टाकली, बांधकामाचा राडारोडा गावोगाव फिरवला, हे विसरायला होतं. पार्थेनियम घट्ट गवतात उगवत नाही. त्याला उघडी, उकरलेली, कोणाची नसलेली जमीन लागते. एका झाडाला हजारोंनी बी येतं, पंधरा-वीस हजार म्हणतात. सत्तरच्या दशकापर्यंत पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याच्या ॲलर्जीचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले होते. तेव्हा लॉनच्या कडेला, कुंपणाशी हे दिसलं तर फुलाआधी उपटा, ओल असताना उपटा, उघड्या हाताने उपटू नका, आणि फुलावर आलेलं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. मोकळ्या प्लॉटवर माजलं असेल तर त्याचा भुंगेरा आहे, झायगोग्रामा. तोही मेक्सिकोचाच. १९८३ साली बंगळूरला आणला आणि पुढच्या वर्षी सोडला. पावसाळ्यात तो पानं फस्त करतो, थंडीत मातीत जाऊन झोपतो. घरच्या लॉनसाठी त्याची वाट बघत बसू नका.

आता एक नंबरचा गडी. लव्हाळा, नागरमोथ्याचा भाऊबंद, सायपरस रोटंडस. ओळख सोपी आहे. लॉन कापल्यावर दोन-तीन दिवसांत जे पातं बाकीच्यांच्या वर डोकं काढून उभं राहतं ते पाहा. त्याची काडी अंगठा आणि तर्जनी यांच्यात फिरवा. हरळीची काडी गोल फिरते, लव्हाळ्याची अडकते, कारण ती तीनधारी असते. हे गवत नव्हेच, वेगळं कुळ आहे. त्यामुळे गवतासाठी केलेले उपाय त्याला लागत नाहीत.

लव्हाळ्यापाशी मला तत्त्वज्ञानाचं थोडं बोलू द्या. एमर्सनने तणाची व्याख्या आपल्या अज्ञानावर बसवली आहे: रोपाचा गुण कळला की ते तण राहणार नाही, असा त्याचा रोख. लोक हे फार कौतुकाने सांगतात. आपल्या परंपरेत यापेक्षा जुनी गोष्ट आहे, विनयपिटकातली जीवकाची. तक्षशिलेच्या गुरूने त्याला सांगितलं, औषधी नाही अशी वनस्पती शोधून आण. तो हिंडला आणि रिकाम्या हाताने परतला; गुरू म्हणाला, तुझं शिक्षण झालं. इथून हाकेच्या अंतरावर सोपाऱ्याचा स्तूप आहे, १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकरलेला. तिथल्या भिक्षूंनी ही गोष्ट नक्की ऐकली असेल. पण लव्हाळा या दोन्ही विचारांची परीक्षा घेतो. मुस्ता चरकसंहितेत आहे. मोथा दिवाळीच्या उटण्यात आहे. दोन हजार वर्षं त्याचे गुण माहीत आहेत, आणि तरीही तो जगातलं सर्वांत त्रासदायक तण आहे. गुण कळल्याने तणपण जात नाही. औषध असणं आणि तण असणं ही एकाच रोपाची दोन वेगळी नाती आहेत, एक वैद्याशी, एक शेतकऱ्याशी. ज्यांना निसर्गातलं सगळंच चांगलं म्हणून सोडून द्यायचं आहे त्यांनी एकदा लव्हाळा लागलेल्या शेतात खुरपं घेऊन बसावं.

त्याचा जोर आहे जमिनीखाली. काळपट गाठी, आणि एका गाठीतून दोरीसारखा धागा निघून पुढची गाठ, अशी माळ. वरून ओढलंत की धागा तुटतो. तुटला की मागच्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात, कारण पुढची गाठ त्यांना दाबून ठेवत होती. म्हणून 'उपटला तर दुप्पट आला' ही तक्रार खरी आहे. इलाज काय? लॉन अजून घातलं नसेल तर एप्रिल-मेमध्ये माती वीतभर खोल खणून गाठी उन्हात उघड्या टाका, पुन्हा पुन्हा उलथा. गाठ वाळली की मरते. ओल्या मातीत ती कशालाच दाद देत नाही. प्लास्टिक अंथरून माती तापवायची युक्ती बियांवर चालते, या गाठींवर फारशी नाही. लॉन आधीच घातलं असेल तर दर दोन-तीन आठवड्यांनी, पातं चार-सहा पानांचं असतानाच, पातळ खुरप्याने मुळाशी जाऊन काढत राहा. गाठीतला साठा खर्च होत जातो. दोन पावसाळे चिकाटी लागते. दुसरी गोष्ट, त्याला सावली सोसत नाही. गवत दाट आणि किंचित उंच ठेवलं तर तो आपोआप मागे पडतो. बरेच लोक लॉन अगदी तासून कापतात, मैदानासारखं. मातीपर्यंत ऊन पोचलं की तुम्ही लव्हाळ्याला आमंत्रणच दिलंत.

आणि तो आला कुठून? नव्वद टक्के घरांत उत्तर एकच आहे, असं मी माझ्या पाहण्यावरून सांगतो: लाल मातीच्या ट्रकमधून, किंवा नर्सरीतून आणलेल्या लॉनच्या लाद्यांच्या खालच्या मातीतून. पोर्तुगीजांच्या जहाजात जे झालं तेच आज ट्रकमध्ये होतं. माती आली की पसरायच्या आधी पाणी मारून तीन आठवडे तशीच ठेवा. जे उगवायचं ते उगवेल, ते काढा, पुन्हा पाणी मारा. दोनदा हे केलं तर निम्मी लढाई संपते. शेणखत कच्चं घालू नका. गुरांच्या पोटातून बी जिवंत बाहेर येतं.

बाकीची मंडळी भराभर सांगतो. तीन बदामी पानांची, आंबट, पिवळ्या फुलांची ती आंबुशी. तिच्या शेंगा पिकल्या की फुटून बी लांब उडतं, म्हणून शेंगेआधी काढायची, आणि पेरांना मुळं फुटतात तेव्हा तुकडे मागे ठेवायचे नाहीत. पांढरा चीक येतो ती नायटी. कमी पाण्याच्या, तुडवलेल्या जागी येते. तिथली माती काट्याने टोचून भुसभुशीत करा, ती कमी होईल. लांब देठावर एकेकटं पिवळट-पांढरं फूल डोलतं ती एकदांडी, दगडी पाला; कुठे खरचटलं की गावाकडे तिचा रस लावतात. तिचं बी म्हातारीसारखं वाऱ्यावर जातं, त्यामुळे फूल दिसलं की त्याच दिवशी तोडा. घोळीचा तुकडा पडला तरी पुन्हा धरतो. ती काढून स्वयंपाकघरात द्या. टाकळा, कुरडू, माठ, घेटुळी यांचंही तेच. पहिल्या पावसानंतर आदिवासी बायका याच भाज्या टोपलीत घेऊन वसईच्या बाजारात बसतात; आपण बंगल्यातून टाकळा उपटून कचऱ्यात टाकतो आणि दारात तोच विकत घेतो. रानमेथीचं बारीक तिपानी जाळं गवतात दिसलं तर मी म्हणेन राहू द्या, ती हवेतला नत्र मातीत आणते. आणि एक धोका हौसेने आणलेला आहे, पिवळ्या फुलांचा वेडेलिया. कुंपणाशी जमीन झाकायला म्हणून लावतात. तो लॉनमध्ये घुसला की प्रत्येक पेराला मूळ धरतो, आणि जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. तो लावूच नका.

आंब्याखाली, नारळांच्या दाट सावलीत हरळी येत नाही, कधीच येणार नाही. तिथे दरवर्षी लाद्या बसवणं म्हणजे तणांसाठी जागा करून देणं. तिथे पालापाचोळा अंथरा किंवा सरळ जुन्यासारखं अंगण ठेवा.

आता औषध. पहिल्यांदा ते कुठून आलं ते ऐका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत गुप्तपणे संशोधन चाललं होतं, त्यातून टू-फोर-डी निघालं आणि १९४५-४६पासून बाजारात आलं. ते रुंद पानांची रोपं मारतं, गवत सोडतं. लॉनवाल्यांना हे वरदान वाटलं. पण एक गंमत झाली. तोपर्यंत तिकडे लॉनच्या बियाण्यात पांढरा क्लोव्हर मुद्दाम मिसळून विकत असत, कारण तोही नत्र देतो. टू-फोर-डी फवारलं की क्लोव्हर मरायचा. मग कंपन्यांनी काय केलं? औषध बदललं नाही, व्याख्या बदलली. क्लोव्हर हे तण आहे असं लोकांना सांगायला सुरुवात केली. एका पिढीत लोकांनी ते मानलंही. तण म्हणजे काय हे रोपाने ठरवलं नाही, मालकानेही नाही, बाटलीने ठरवलं. पुढे व्हिएतनाममध्ये जंगलांवर जे एजंट ऑरेंज ओतलं गेलं त्यातला एक निम्मा भाग हेच रसायन होतं. ग्लायफोसेट १९७४चं. ते हिरवं दिसेल ते सगळं मारतं, म्हणजे तुमचं लॉनही. २०१५ साली कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला 'बहुधा कर्ककारक' या गटात टाकलं, त्यावर वाद अजून चालू आहे. आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांनीच वापरावं असा आदेश काढला. आणि गंमत म्हणजे लव्हाळ्याच्या झोपलेल्या गाठींपर्यंत ते पोचतच नाही. उसातल्या लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन नावाचं वेगळं रसायन मिळतं, ते शेतासाठी आहे. तीनशे चौरस फुटांच्या लॉनसाठी ते आणणं म्हणजे डास मारायला तोफ.

मी सरसकट विरोध करणारा नाही. पन्नास एकरांच्या शेतकऱ्याला मजूर मिळत नाही तेव्हा तो काय करणार, हा खरा प्रश्न आहे. निंदणी, खुरपणी, भांगलण, बेणणी, मराठीत या एका कामाला इतके शब्द आहेत आणि ते काम सगळ्या मुलखात बायकांनी, कमी मजुरीत, उकिडवं बसून केलं आहे. त्या कामाचा इतिहास कोणी लिहिला नाही. तेव्हा 'हाताने काढा' हे बंगल्यातल्या माणसाने शेतमजूर बाईला सांगायचं वाक्य नव्हे. पण बंगल्यातल्या माणसाने स्वतःला सांगायला काय हरकत आहे? तीनशे फुटांचं लॉन आहे, सकाळी पंधरा मिनिटं.

आणि वसईत हा प्रश्न खाजगी राहत नाही. तुमच्या कुंपणापलीकडे अजून कोणाची तरी वाडी आहे. त्यात वाल आहे, टोमॅटो आहे, काकडीचा वेल आहे. टू-फोर-डीचा वाऱ्यावर गेलेला बारीक शिडकावा अशा पिकांना पुरतो. पानं वाटीसारखी वळतात, शेंडे पिळवटतात, आणि शेजाऱ्याला वाटतं रोग पडला. खाली पाणी आहे. इथली माती वाळूमिश्रित, पाणी वर, विहिरी आणि उरलीसुरली बावखलं एकमेकांना जमिनीखालून जोडलेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांनी या पाण्यासाठी केवढा लढा दिला ते इथल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. ते पाणी टँकरवाल्यांपासून वाचवायचं आणि लॉनसाठी त्यात तणनाशक सोडायचं, हे मला पटत नाही.

वेळ झाली आहे, एक प्रश्न घेतो.

(श्रोत्यांतून प्रश्न: लव्हाळ्यावर खडेमीठ टाकलं तर जातो असं यूट्यूबवर सांगतात. करावं का?)

नका करू. मिठाने हरळीचंही नुकसान होईल. मग माती घट्ट होईल, तिथे नायटी येईल. आणि पहिल्या पावसात ते मीठ विहिरीत जाईल. समुद्राकडच्या विहिरी उपशाने आधीच मचूळ होत चालल्या आहेत. त्यात वरून आपण मीठ घालायचं? खुरपं घ्या. पातळ पात्याचं, लांब टोकाचं, भाजीवाले वापरतात तसं. आणि पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बसा, माती मऊ असते तेव्हा गाठ धाग्यासकट वर येते.